एक मेचं दूध

नोराबाईंनी गडूभर दूध द्यायला नकार दिला, तेव्हा सरलाबाईंनी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे न लिहिलेलंच बरं. ही गेल्या वर्षीच्या एक मेची गोष्ट. मुलाच्या, म्हणजे देवदत्तच्या फ्रीमाँटच्या घरात महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. सांता क्लाराच्या ऑफिसांत खुर्चीवर बसून बसून पाठी धरलेली दहा माणसं सोफे भिंतीला लावून लेझीम खेळत होती, आणि ऐन चहाच्या वेळी फ्रिजमधलं दूध संपलं होतं. सून प्रीता म्हणाली, "आई, मी ऑर्डर करते, अर्ध्या तासात येईल." अर्धा तास! माणसं घामाघूम होऊन बसलीत आणि म्हणे अर्धा तास! सरलाबाईंनी स्टीलचा गडू उचलला आणि त्या सरळ शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पुण्यात चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

दार उघडलं ते एका उंच, पाठीत वाकलेल्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या बाईंनी. सरलाबाईंना अमेरिकेत येऊन जेमतेम दीड महिना झाला होता, आणि या बाईंना त्यांनी आजवर फक्त खिडकीतून पाहिलं होतं. त्यांनी आपल्या सरकारी इंग्रजीत विनंती केली. बाईंनी आधी गडूकडे पाहिलं, मग सरलाबाईंकडे.

"दूध? आज नाही. आज कुणीही आलं तरी नाही." एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बेल वाजली. दारात त्याच बाई, आणि हातात दुधाचा हा एवढा मोठा कॅन.

"मी नोरा. काल तुला वाईट वाटलं असेल. पण काल मे महिन्याचा पहिला दिवस होता. त्या दिवशी घरातून दूध द्यायचं नाही, मीठ द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही. जो नेतो तो घराची बरकत घेऊन जातो. आज हवं तेवढं घे."

सरलाबाईंना हसू फुटलं.

"आमच्याकडे दिवेलागणीला विरजण देत नाहीत," त्या म्हणाल्या. "मीठही नाही. लक्ष्मी जाते."

"मग मी तुला काय शिकवत बसले आहे?" असं म्हणत नोराबाई सरळ आत आल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. त्या दिवसापासून त्यांची गट्टी जमली.

नोराबाई मूळच्या आयर्लंडच्या, पश्चिमेकडच्या क्लेअर नावाच्या परगण्यातल्या. बावीस वर्षांच्या असताना सॅन फ्रान्सिस्कोला आल्या, एका हॉस्पिटलच्या मुदपाकखान्यात राबल्या, टॉम नावाच्या सुताराशी लग्न केलं, आणि पन्नास वर्षांपूर्वी, फ्रीमाँटमध्ये जर्दाळूच्या बागा अजून शिल्लक होत्या तेव्हा, हे घर घेतलं. टॉम जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगा ॲरिझोनात, रविवारच्या रविवारी फोन करणारा. त्यांचं वय चौऱ्याऐंशी, सरलाबाईंचं एकाहत्तर, म्हणजे थोरल्या बहिणीएवढं अंतर. इंग्रजीत तू आणि तुम्ही ही भानगडच नाही, पण सरलाबाई मनातून त्यांना तुम्हीच म्हणत, आणि तोंडाने 'नोराबाई'. तो 'बाई' नोराबाईंना इतका आवडला की टपाल टाकणाऱ्यालाही त्या तसंच नाव सांगू लागल्या.

रोज दुपारी चार वाजता सरलाबाई त्यांच्याकडे चहाला जात. नोराबाईंचा चहा म्हणजे काळाकुट्ट, उकळून उकळून कडक केलेला. अमेरिकेतला सरलाबाईंना पसंत पडलेला तो एकमेव चहा. पहिल्या आठवड्यात सरलाबाई कडीच्या डब्यातून शिरा घेऊन गेल्या. दोन दिवसांनी तो डबा परत आला तो घरी भाजलेल्या पावाचे तुकडे घेऊन. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे त्या बाईंना कुणी सांगावं लागलं नाही. मग इकडून चकल्या गेल्या, तिकडून मुरंबा आला. वर्षभर तो डबा कुंपणाच्या अल्याड-पल्याड फिरला, पण एकदाही रिकामा फिरला नाही.

आणि चहाबरोबर गोष्टी. नोराबाईंच्या गोष्टी 'त्यांच्या'. त्यांचं नाव त्या घेत नसत. एकदा आठ वर्षांची नात रुही पंखवाल्या पऱ्यांचं चित्रांचं पुस्तक घेऊन आली, तेव्हा नोराबाईंनी नाक मुरडलं. "पंख कुठले त्यांना? माझ्या आजीने पाहिले होते. आजीएवढेच उंच होते, आणि तिच्यापेक्षा चांगले कपडे घातलेले." परी हा शब्द उच्चारायचा नाही. 'ती भली मंडळी' म्हणायचं, आणि तेही हळू आवाजात. भली असतात म्हणून नव्हे, भलं म्हटलं की रागावत नाहीत म्हणून. सरलाबाईंना हे चटकन समजलं. त्यांच्या माहेरी दिवे लागल्यावर सापाला साप म्हणत नसत, जनावर म्हणत.

ही भली मंडळी माणसांच्या आधीपासून तिथली. मातीखाली राहतात, त्यांच्या जायच्या-यायच्या वाटा ठरलेल्या असतात, त्या वाटेवर घर बांधायचं नाही. धारेतलं पहिलं दूध त्यांचं. त्यांना घास ठेवायचा तर बिनमिठाचा. आणि मागच्या दारातून पाणी फेकायचं असेल तर आधी ओरडून सांगायचं, म्हणजे कुणाच्या अंगावर पडणार नाही. हे शेवटचं सरलाबाईंना फारच पटलं. कढीपत्त्याच्या कुंडीला तांदळाचं धुवण घालताना त्या ओरडू लागल्या, "पाणी येतंय हो!"

"आई, कोणाला सांगतेस?" देवदत्तने एकदा खिडकीतून विचारलं.

"असतील कोणी. सांगायला काय जातं?"

देवदत्तला हे सगळं क्यूट वाटायचं. या लोकांना ज्याची भीती वाटत नाही आणि ज्यात काही फायदा नाही, ते सगळं क्यूट. सरलाबाईंचा तरी विश्वास होता का? देवळात गेल्यावर त्या डोळे मिटून नमस्कार करत आणि बाहेर येताच आपल्या चपला जागेवर आहेत का ते बघत. विश्वास होता तो एवढाच. पण नोराबाईंचा होता, आणि नोराबाई त्यांच्या होत्या.

आता झाडाबद्दल. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांच्या मध्ये लाकडी कुंपण होतं, आणि बरोबर त्या कुंपणाच्या रेषेत एक जुनं काटेरी झाड. हॉथॉर्न त्याचं नाव. कुंपण झाडापाशी येऊन थांबायचं आणि झाडाच्या पलीकडून पुन्हा सुरू व्हायचं. टॉमनेच ते तसं बांधलं होतं. बुंध्याला त्याने एक खिळा लागू दिला नव्हता. कारण ते झाड कुणी लावलेलं नव्हतं. नोराबाईंनी आणि टॉमने घर घेतलं तेव्हापासून ते तिथे एकटंच उभं होतं, आणि कुणी न लावलेलं एकटं काटेरी झाड हे त्या भल्या मंडळींचं असतं. एप्रिलच्या शेवटी ते पांढऱ्या फुलांनी भरून जायचं. ती फुलं घरात आणायची नाहीत, फांदी तोडायची नाही. रोज सकाळी नोराबाई बुंध्याशी बशीत घोटभर दूध ठेवत.

"मांजर पितं ते," देवदत्त म्हणायचा.

"पिऊ दे की," नोराबाई म्हणायच्या. "मांजराला कुणी पाठवलं ते तुला काय माहीत?"

त्यांच्या वडिलांच्या चुलत्याने असं झाड गोठा बांधण्यासाठी पाडलं होतं. त्यासाठी एक गडी लावला होता. त्या गड्याला काही झालं नाही. "कुऱ्हाड धरणाऱ्याला ते धरत नाहीत," नोराबाईंनी सांगितलं. "तो बिचारा पोटासाठी आलेला असतो. पाड म्हणून ज्याने शब्द दिला, त्याला धरतात." चुलत्याचं तोंड दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाजूला गेलं ते मरेपर्यंत सरळ झालं नाही. नोराबाईंनी लहानपणी त्यांना चमच्याने भरवलं होतं. सरलाबाई म्हणाल्या, अर्धांगवायूत असं होतं. नोराबाई म्हणाल्या, "होतं ना. पण नेमकं दुसऱ्याच दिवशी?"

दिवाळीच्या सुमारास एकदा चहा पिता पिता नोराबाई म्हणाल्या, "मी गेले की माझा मुलगा हे घर विकेल. माझ्या बाजूचं काही खरं नाही, सॅरला. तुझी बाजू तेवढी सांभाळ."

"मी आहे तोवर त्या झाडाला कुणी हात लावणार नाही," सरलाबाई म्हणाल्या. नोराबाईंनी टेबलावरून हात पुढे करून त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

जानेवारीत मोठं वादळ झालं आणि कुंपणाच्या चार फळ्या पडल्या. फेब्रुवारीत एके दुपारी घरूनच काम करणारा देवदत्त एक क्लिपबोर्ड घेऊन खाली आला.

"आई, कुंपणाचं काम काढतोय. नोराची सही लागेल. मी गेलो तर ती मला तासभर बसवून ठेवते यार, आणि माझ्या मीटिंग्ज आहेत. तू चार वाजता जातेसच ना? घेऊन जाशील?"

क्लिपबोर्डवर दोन पानं होती. दुसऱ्या पानाच्या खालच्या टोकाला एक पिवळी चिठ्ठी डकवली होती, बाण काढलेली. सही इथे.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सरलाबाईंनी तेहतीस वर्षं पुण्यात दुय्यम निबंधकाच्या कचेरीत काढली होती. जमिनीचे, घरांचे दस्त नोंदवायचं काम. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं. डोक्यावरून पदर घेतलेल्या म्हाताऱ्या बायका मुलांबरोबर यायच्या, आणि मुलगा म्हणायचा, आई, इथे अंगठा दे. दर वेळी सरलाबाई चष्मा वर करून विचारायच्या, "मावशी, वाचून दाखवलंय का तुम्हाला? नाही? मग मी दाखवते. वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. सख्खा मुलगा असला तरी नाही." यावरून कितीतरी मुलांशी त्यांची खडाजंगी झाली होती. साहेबही वैतागायचे, सरलाबाई, रांग बाहेर जिन्यापर्यंत गेलीय. जाऊ दे, असं त्या म्हणायच्या आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागायच्या.

त्या सरलाबाईंनी क्लिपबोर्ड काखेत मारला, डब्यात गुळाच्या पोळ्या घातल्या, आणि निघाल्या.

नोराबाईंचा चष्मा सापडेना. दोघींनी सोफ्याच्या फटी धुंडाळल्या.

"काय लिहिलंय त्यात?" नोराबाईंनी शेवटी विचारलं.

"कुंपणाचं आहे. देवदत्तने केलंय सगळं."

"तू वाचलंस?"

"हो," सरलाबाई म्हणाल्या.

त्यांनी वाचलं नव्हतं. पहिल्या पानाचं शीर्षक वरवर पाहिलं होतं, त्यात कुंपण हा शब्द होता. पण आपल्या मुलाचा कागद, त्यात काय वाचायचं? नोराबाईंनी पिवळ्या बाणापाशी हळूहळू, शाळेतल्या मुलीसारखी नीट सही केली, आणि मग दोघींनी गुळाची पोळी तुपाशी खाल्ली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात क्युपर्टिनोला प्रीताच्या मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं. प्रीताने सरलाबाईंना आग्रह करकरून नेलं. परत यायला पाच वाजले. घरासमोर लाकडाच्या चुऱ्याने भरलेला एक ट्रक निघण्याच्या तयारीत उभा होता. सरलाबाईंना तरीही काही कळलं नाही. त्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांना वाटलं, इथे आज एवढा उजेड कसा?

मग त्यांनी खिडकीतून पाहिलं.

चपला न घालताच त्या मागे धावल्या. कुंपण सबंध काढलेलं होतं. झाडाच्या जागी एक खड्डा होता आणि ओली माती. कळ्या आलेल्या होत्या झाडाला. त्या सगळीकडे पडल्या होत्या, पांढऱ्या, अर्ध्या मिटलेल्या. आणि खड्ड्याच्या पलीकडे, स्वतःच्या अंगणात, स्वयंपाकघरातली खुर्ची आणून नोराबाई बसल्या होत्या. अंगात घरातला झगा, हातात रिकामी बशी.

"नोराबाई, मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ माहीत नव्हतं."

नोराबाईंनी मान वर केली. "मी त्यांना थांबवायला आले. तर त्या माणसाने मला कागद दाखवला. फार सभ्य माणूस. म्हणाला, मॅडम, दोन्ही घरांची परवानगी आहे. खाली माझी सही होती."

"ती मी आणली. चूक माझी आहे. माझी आणि माझ्या मुलाची. तुमची नाही."

"सही माझी आहे, सॅरला." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "पाड म्हणून मी शब्द दिलाय. ते तुझ्याकडे कशाला येतील? ते मलाच विचारतील."

हे सगळं खोटं असतं, तुमच्या मनाचे खेळ आहेत, असं म्हणावं असं सरलाबाईंना क्षणभर वाटलं. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंना, वर्षभर त्यांच्याबरोबर 'पाणी येतंय हो' म्हणून ओरडल्यावर, कुठल्या तोंडाने सांगणार?

"मी तुला विचारलं होतं," नोराबाई म्हणाल्या. "वाचलंस का म्हणून. तू हो म्हणालीस."

त्या उठल्या, खुर्ची उचलली, आणि एक एक पायरी चढत आत गेल्या. खुर्ची आत न्यायला मदत करावी म्हणून सरलाबाई पुढे झाल्या होत्या. नोराबाईंनी मानेनेच नको म्हटलं.

देवदत्त वर कॉलवर होता. सरलाबाईंनी जाऊन त्याचा लॅपटॉप मिटला.

"आई! काय करतेस!"

"झाड का तोडलंस?"

त्याने सुस्कारा सोडला. हे कधीतरी होणार हे त्याला ठाऊक होतं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "आई, ऐक. शांत हो. ते तुझ्याचसाठी आहे. मागे एक युनिट बांधतोय. बेडरूम, बाथरूम, छोटं किचन. तुला जिने चढावे लागणार नाहीत. सरप्राइज द्यायचं होतं तुला."

"मी मागितलं होतं?"

"तू कधी काही मागतेस का? झाड मधे येत होतं. बुंधा दोन्ही प्लॉट्सवर, म्हणजे तिच्या परमिशनशिवाय तोडता येत नाही. आणि ती कधीच दिली नसती. सिटीचं परमिट, सगळं प्रॉपर आहे. पेपरमध्ये सगळं क्लिअरली लिहिलं होतं, दुसऱ्या पानावर. मी कुठे काही लपवलं?"

"मला कुंपण म्हणून सांगितलंस."

"कुंपणही आहेच त्यात."

"मला खरं का नाही सांगितलंस, देवा?"

"कारण तू तिला सांगितलं असतंस!" तो जवळजवळ हसलाच. "आई, तुला खोटं बोलता येत नाही. तुझ्या तोंडावर दिसतं. तू स्वतः कन्व्हिन्स्ड असतीस तरच तिने सही केली असती. इट्स जस्ट अ ट्री. सहा महिन्यांत विसरेल ती."

म्हणजे याने सगळा विचार केला होता. आपल्या आईचा खरेपणा पुरता जोखून त्याने तो वापरला होता, कुलपाला किल्ली वापरावी तसा. सरलाबाईंच्या डोळ्यांसमोर कचेरीतल्या त्या रांगा उभ्या राहिल्या. ते मुलगे. त्यांतला एकही राक्षस दिसत नसे. सगळे असेच दिसत, स्वच्छ शर्ट घातलेले, आईचं भलं करायला निघालेले. दारात प्रीता येऊन उभी होती.

"तुला ठाऊक होतं?" सरलाबाईंनी विचारलं.

प्रीताने खाली पाहिलं. "आई, तुम्हाला ते बघवलं नसतं. म्हणून मी आज तुम्हाला बाहेर..."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते सरलाबाईंना त्या दिवशी कळलं. परक्याने फसवलं की माणूस भांडतो, पोलिसांत जातो. इथे कुठे जायचं? पुण्याचा फ्लॅट मागच्या वर्षीच विकला होता, तोही याच मुलाच्या सांगण्यावरून.

"त्या खोलीत मी पाऊल ठेवणार नाही," त्या म्हणाल्या.

"ओके आई. आपण नंतर बोलू," असं म्हणत देवदत्तने लॅपटॉप पुन्हा उघडला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सरलाबाई शेजारी गेल्या. बेल वाजवली. आत टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला, पण दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी आपलं दार उघडलं तर पायरीवर कडीचा डबा. त्यांनी खाली वाकून तो उचलला आणि उचलल्याबरोबर त्यांना कळलं. तरी त्यांनी तो उघडून पाहिला. घासूनपुसून लख्ख केलेला, आणि रिकामा. त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि रडल्या.

मागे मात्र काम जोरात सुरू झालं. खड्डा बुजला, लोखंडी सळया आल्या, एका दिवसात सगळीकडे काँक्रीट ओतून झालं. तांदळाचं धुवण घेऊन सरलाबाई मागच्या दारात यायच्या, आणि तोंड उघडून मिटायच्या. शेवटी त्या ते पाणी सिंकमध्ये ओतू लागल्या. नोराबाई बाहेर दिसेनाशा झाल्या होत्या. मधे एकदा ॲम्ब्युलन्स येऊन गेली. रुहीने बातमी आणली, नोरा पडली पण तिला काही लागलेलं नाही. सरलाबाईंनी दोनदा पत्र लिहिलं आणि फाडलं. माफ करा हे इंग्रजीत फार लवकर लिहून होतं, म्हणून.

एप्रिल संपत आला तेव्हा त्यांच्या डोक्यात एक विचार आला, आणि आला तो गेलाच नाही. विचार साधा होता. एक मेला जायचं. गडू घेऊन जायचं, आणि दूध मागायचं.

नोराबाई नाही म्हणतील. म्हणतीलच. वर्षभर शिकवलं तरी तुला अक्कल नाही का, म्हणून ओरडतील. आजच्या दिवशी दूध मागतेस, माझी बरकत न्यायला आलीस का, म्हणतील. दार धाडकन आपटतील. आपटू देत! दार आपटलं तरी चालेल, म्हणजे आत राखण्यासारखं काहीतरी आहे असं होईल. ज्या नकारापासून सगळं सुरू झालं होतं तो नकार पुन्हा मिळाला, की दोन मेला सकाळी आठ वाजता बेल वाजू शकते. सरलाबाई रोज झोपताना हे सगळं मनात घोळवत आणि त्यांना बरं वाटत असे.

एक मे उजाडला. संध्याकाळी घरात तालीम होती. यंदा पोवाडा होता, आणि नवीन स्पीकर आणलेला. फ्रिजमध्ये दुधाचे दोन भरलेले कॅन होते. सरलाबाईंनी ते गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवले, गडू घेतला आणि निघाल्या.

या वेळी दार पहिल्याच बेलला उघडलं. नोराबाई निम्म्या झाल्या होत्या. एका हाताने त्यांनी चौकट धरली होती.

"नोराबाई," सरलाबाई म्हणाल्या. "चहाला दूध नाही. थोडं द्याल का?"

नोराबाईंनी गडूकडे पाहिलं. मग सरलाबाईंकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. आजचा दिवस कोणता, सरलाबाई का आल्या, त्यांना काय हवंय, सगळं. सरलाबाईंना ते त्यांच्या डोळ्यांत लख्ख दिसलं. म्हणा ना, त्या मनात म्हणाल्या. ओरडा ना माझ्यावर.

नोराबाईंनी हात पुढे केला आणि गडू घेतला. चौकट धरत, भिंत धरत त्या आत गेल्या. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. त्या परत आल्या तेव्हा गडू काठोकाठ भरलेला होता, थोडं दूध उंबऱ्यावर सांडलंही.

"नको," सरलाबाई म्हणाल्या. "नोराबाई, नको. आज नको. मी उद्या येते."

"घे," नोराबाई म्हणाल्या. "मीठ हवं असेल तर तेही ने. आता काय राखायचंय इथे?"

त्यांनी गडू सरलाबाईंच्या दोन्ही हातांत दिला आणि दार लावलं. आपटलं नाही. अगदी हळू लावलं.

सरलाबाई घरी कशा आल्या ते त्यांना आठवत नाही. स्वयंपाकघरात देवदत्त चहाचं आधण ठेवून दुधासाठी फ्रिज धुंडाळत होता. आईच्या हातातला गडू पाहून त्याचा चेहरा खुलला.

"नोराकडून आणलंस? तिने दिलं?" त्याने गडू घेतला. "सी? मी म्हटलं होतं ना तुला! शी इज ओव्हर इट. मागच्या वर्षी तर तिने सरळ नाही म्हटलं होतं."

"देवा, ते दूध घालू नकोस."

"का? एक्स्पायर झालंय?" त्याने गडूला नाक लावून वास घेतला.

बाहेरच्या खोलीत डफावर थाप पडली. सरलाबाईंनी मुलाकडे पाहिलं. सांगितलं तर तो हसेल, आणि मंडळींनाही बोलावून सांगेल, माझी आई किती क्यूट आहे बघा.

"नाही," त्या म्हणाल्या. "दूध चांगलं आहे."

त्याने ते सगळं चहात ओतलं. अकरा कप झाले. सरलाबाईंनी आपला कप वेगळा, कोराच करून घेतला.